लॉनला युरिया की पोटॅश? लग्नसराईआधी ठरवायचं असेल तर

फेब्रुवारी सरत आला की ओळखीच्या लॉन्सवाल्यांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला: सीझनच्या तोंडावर लॉनला युरिया टाकू की पोटॅश? युरियातून नत्र म्हणजे नायट्रोजन मिळतं, पोटॅशमधून पालाश म्हणजे पोटॅशियम. दोन्ही लागतात, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं. त्याला हवं असतं ते एवढंच, की भर कशावर ठेवू. मी दोन्ही करून पाहिलंय. आमचं मंगल कार्यालय धुळ्याच्या बाहेर आहे, लॉन दहा गुंठ्यांचं, गवत सिलेक्शन वन. म्हणजे शेवटी हरळीच. शेतात जी खणून खणून आपण थकतो, तीच इथे पैसे देऊन लावतो आणि जपतो.

पहिली तीन वर्षं माझा सगळा भर युरियावर होता. त्याची बाजू आधी सांगतो, कारण ती खरी आहे. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, त्यात ४६ टक्के नत्र. इतक्या स्वस्तात इतकं नत्र दुसऱ्या कशातून मिळत नाही. शिवाय परिणाम डोळ्यांना दिसतो. टाकलं, पाणी सोडलं, की आठवड्याच्या आत रंग गडद होतो. पानातलं हरितद्रव्य नत्रावरच बनतं. नवीन लॉन भरून येताना, मंडपाच्या खांबांनी पडलेली भोकं बुजवताना, पावसाळ्यात पिवळं पडलेलं गवत सावरताना युरियाला पर्याय नाही, हे मी आजही म्हणतो. पोटॅश टाकून उघडी जागा भरत नाही.

आपल्या मातीत युरियाची एक अडचण आहे. खान्देशची काळी माती बहुतेक ठिकाणी विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची. तापलेल्या जमिनीवर युरियाचे दाणे तसेच पडून राहिले, की त्यातलं बरंचसं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. म्हणून संध्याकाळी टाकायचं आणि लगेच पाणी द्यायचं. बोअरला पाणी आणि मोटारीला वीज एकाच वेळी मिळण्याची एप्रिलमध्ये खात्री नसते, तरी एवढं सांभाळता येतं. मी सांभाळत होतो. माझं मन युरियावरून उडालं ते कापणीमुळे.

लग्नाच्या तारखा आपल्या हातात नसतात. गवताची वाढ मात्र खत टाकणाऱ्याच्या हातात असते. मी गुंठ्याला दोन-अडीच किलो युरिया टाकायचो. मार्चपासून ऊन वाढतं, पाणी रोज असतं, आणि हरळीला २७ ते ३५ अंशांत वाढायला सर्वात आवडतं. मग चौथ्या दिवशी मशीन काढावंच लागे. आमच्याकडे गवत कापणारे आप्पा पारोळ्याकडचे. एकदा मशीन बंद करून बांधावर बसले आणि म्हणाले, "भाऊ, हाई गवत दम खाऊ देस नही." खरंच होतं ते.

मजुरी आणि पेट्रोलचा खर्च सोसला असता. त्रास वेगळा होता. समजा शुक्रवार, शनिवार, रविवार अशा सलग तीन तारखा लागल्या. गुरुवारी रात्रीपासून मंडपवाले मैदानात असतात, मशीन फिरवायला जागा नाही. सोमवारी सगळं उचलेपर्यंत गवत बोटभर वाढलेलं असतं. बुधवारी पुढचं लग्न. आता कापलं नाही तर खुर्च्या डुगडुगतात, साड्यांचे काठ ओले होतात. कापलं तर एका वेळेस एक तृतीयांशाहून जास्त पान जातं, आणि खाली उरतात नुसत्या पिवळट काड्या. उंच वाढलेल्या गवतात खालच्या भागाला उजेड मिळत नाही, तिथे हिरवं पान नसतंच. म्हणजे हिरव्यागार लॉनसाठी युरिया टाकायचा आणि ऐन लग्नाच्या दिवशी पाहुण्यांना दाखवायची पिवळी लॉन. एका नवरीच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बुकिंगच्या वेळी हिरवं दाखवलं होतं ना भाऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शिवाय गेटपासून स्टेजपर्यंतचा पट्टा. हजार-दीड हजार माणसं तिथून चालतात. युरियावर वाढलेलं पान लुसलुशीत, पाणीदार. पायाखाली ते चिरडतं आणि परत उठत नाही. वर नत्र जास्त झालं की झाड सगळा जोर पानात लावतं, मुळं उथळ राहतात, साठवलेलं अन्न संपत जातं. तीन लग्नांत तो पट्टा उघडा पडायचा.

चौथ्या वर्षी मी लॉनचे दोन भाग केले. स्टेजच्या डाव्या बाजूला पूर्वीसारखा युरिया. उजव्या बाजूला युरिया निम्म्याहून कमी आणि फेब्रुवारीपासून पोटॅश. शास्त्रशुद्ध प्रयोग म्हणता येणार नाही, मोजमाप काही केलं नाही. कापणीची नोंद तेवढी वहीत आहे. डावीकडे चार-पाच दिवसांनी मशीन, उजवीकडे आठ-नऊ दिवसांनी. यातला बराच वाटा कमी युरियाचा आहे, हे मान्य. पण नत्र कमी करूनही उजवी बाजू फिकी पडली नाही, आणि मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला तेव्हा दुपारी आधी मान टाकली ती डाव्या बाजूने. पाणी दोन्हीकडे तेवढंच होतं.

पोटॅशचा परिणाम दिसत नाही, हीच त्याच्याविरुद्धची मोठी तक्रार. टाकल्यावर रंग बदलत नाही, वाढ बदलत नाही, मालकाला वाटतं पैसे मातीत गेले. पालाश पानाचा भाग बनत नाही. ते पेशीरसात राहून पाण्याचा ताण सांभाळतं, पानाची रंध्रं उघडण्या-मिटण्याचं काम चालवतं. त्यामुळे ऊन, तहान, थंडी आणि पायदळणी सोसायचं बळ येतं. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे सांगावं लागत नाही. घडाच्या वजनासाठी ते पालाशाला कधी कमी करत नाहीत. लॉनवाले मात्र रंगाकडे पाहून खत ठरवतात.

आता एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्या काळ्या मातीत पालाश मुळातच बऱ्यापैकी असतं. तुमची लॉन भरघोस काळ्या मातीवर असेल आणि माती परीक्षणात पालाश भरपूर आलं असेल, तर माझं ऐकून पोटॅशवर खर्च करू नका, फरक पडेलच असं नाही. गवत गरजेपेक्षा जास्त पालाश शोषून घेतं आणि ते कापलेल्या गवतातून बाहेर जातं. पण बहुतेक लॉन्सवर खाली मुरूम आणि वर नदीच्या वाळूचा थर असतो, पाणी साचू नये म्हणून. वाळूत पालाश टिकत नाही, पाण्याबरोबर खाली जातं. त्यात कापलेलं गवत आपण उचलून शेळ्यांना घालतो, म्हणजे उरलंसुरलंही गेलं. माझ्या लॉनचं पालाश याच कारणाने कमी निघालं असावं.

कोणतं पोटॅश, हेही सांगतो. लाल म्युरेट, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, स्वस्त, पण त्यात क्लोराइड असतं आणि त्याचा क्षार जास्त. आमच्या बोअरचं पाणी आधीच मचूळ. एका एप्रिलमध्ये म्युरेट टाकल्यावर पानांची टोकं करपली, तेव्हापासून मी सल्फेट ऑफ पोटॅशच आणतो, दुकानात ज्याला ०-०-५० म्हणतात ते (नत्र शून्य, स्फुरद शून्य, पालाश ५० टक्के). महाग आहे. दहा गुंठ्यांना झेपतं. शाळेच्या मोठ्या मैदानाला झेपेलच असं म्हणणार नाही. तिथे पाणी गोड असेल तर पावसाळ्याच्या अखेरीस थोडं थोडं म्युरेट चालू शकेल.

माझा सध्याचा बेत असा. फेब्रुवारीत आणि मार्चअखेर गुंठ्याला किलोभर ०-०-५०, आणि दिवाळीच्या आधी एकदा, कारण धुळ्यात पारा दहाच्या खाली जातो. डिसेंबर-जानेवारीत हरळी तपकिरी पडते, तेव्हा युरिया अजिबात नाही. झोपलेलं गवत तो घेत नाही. युरियाचा मोठा हप्ता, गुंठ्याला सव्वा किलो, पावसाळ्यात तारखा नसताना. सीझनमध्ये फक्त अर्धा किलो, तोही दोन लग्नांत दहा दिवसांची फट असेल तरच. तुमची लॉन नवी असेल, अजून भरलेली नसेल, तर हे सगळं उलटं करा आणि आधी नत्र द्या.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी आमच्याकडे लग्न होतं, आणि त्याआधीच्या चार दिवसांत दोन. शेवटचं मशीन सहा दिवस आधी फिरलं होतं. सकाळी मंडपवाल्यांच्या आधी मी गेटपासून स्टेजपर्यंत चालत गेलो. गवत थोडं दबलेलं होतं, टोकाला फिकं होतं, पण माती कुठे दिसली नाही.