एक्स्चेंज ऑनलाइनचे डिस्क्लेमर नियम : काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधी सांगतो. एक्स्चेंज ऑनलाइन ही मायक्रोसॉफ्ट ३६५ मधली मेल सेवा. तिच्या मेल फ्लो रूल्समधून, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या मेलवर सर्व्हरनेच लावायच्या नियमांतून, कंपनीची कायदेशीर ओळ (डिस्क्लेमर) प्रत्येक बाहेर जाणाऱ्या मेलला लावणं उत्तम जमतं. माणसाची सिग्नेचर, म्हणजे नाव-पद-फोनच्या ओळी, लावणं जेमतेम जमतं. या दोन गोष्टी एकाच नियमात कोंबल्या की डोकेदुखी सुरू होते.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२(३)(क) नुसार व्यावसायिक पत्रांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), फोन आणि ईमेल असावा लागतो. वेबसाइट आणि फॅक्स असतील तर तेही. मेलवरचा पत्रव्यवहारही त्यातच धरलेला बरा. हे सगळं दोन-तीन ओळींत बसतं. ‘हा मेल चुकून आपल्याकडे आला असल्यास...’ छापाचा लांबलचक परिच्छेद कायदा मागत नाही आणि वाचतही कोणी नाही. आम्ही तो काढून टाकला.

मांडणी सोपी आहे. एक्स्चेंज अ‍ॅडमिन सेंटर, मेल फ्लो, रूल्स, मग ‘अप्लाय डिस्क्लेमर्स’. अट : प्राप्तकर्ता संस्थेबाहेरचा. क्रिया : डिस्क्लेमर शेवटी जोडा. पण नवा नियम जतन झाला तरी तो बंदच असतो, यादीत जाऊन चालू करावा लागतो. त्यानंतरही लागू व्हायला अर्धा तास धरून चाला; लगेच चाचणी मेल टाकून ‘चालत नाही’ म्हणू नका. टेस्ट मोडचा इथे उपयोग नाही, कारण त्यात मजकूर प्रत्यक्ष जोडलाच जात नाही. त्यापेक्षा नियम पूर्ण चालू ठेवा, पण पाठवणारा म्हणून फक्त आयटीतला एक मेलबॉक्स द्या. चार ठिकाणी मेल कसा दिसतो ते पाहा आणि मगच ती अट काढा.

मजकुराला ५,००० अक्षरांची मर्यादा आहे, एचटीएमएलचे टॅग धरून. वर्डमधून थेट कॉपी केलेला मजकूर नुसत्या कचरा-टॅगांनीच ती भरून टाकतो. मराठी मजकुराला आणखी एक खोच आहे. काही एचटीएमएल एडिटर देवनागरी अक्षराचा आकडी संकेत करून टाकतात. मग एका अक्षराच्या, एका मात्रेच्या जागी सात-सात चिन्हं बसतात आणि ५,००० ची मर्यादा सातशेच्या आसपास येते. साध्या नोटपॅडमध्ये लिहा, स्टाइल त्या-त्या टॅगमध्येच द्या, मांडणीला टेबल वापरा. लोगो सार्वजनिक सर्व्हरवरच असावा लागतो, आणि बऱ्याच मेल अ‍ॅपमध्ये बाहेरची चित्रं मुळात दडवलेली असतात. म्हणजे तिथे लोगोच्या जागी पहिल्यांदा रिकामी चौकटच दिसणार. आम्ही लोगो वगळला. कंपनीचं नाव ठळक अक्षरात पुरतं.

खरा त्रास पुढे आहे. नियमाने जोडलेला मजकूर नव्या उत्तराच्या खाली न येता मेल-उत्तरांच्या अख्ख्या साखळीच्या तळाशी जातो. अपवाद दिला नाही, तर प्रत्येक उत्तराबरोबर तिथे एक प्रत वाढत जाते. म्हणून ‘विषयात किंवा मजकुरात हे शब्द असतील तर लावू नका’ असा अपवाद द्यावा लागतो, आणि डिस्क्लेमरमध्येच ओळखीची एक खूण ठेवावी लागते. त्यासाठी पांढऱ्या रंगात लपवलेला शब्द काही जण सुचवतात. तो नको : डार्क मोडमध्ये उघडा पडतो आणि लपवलेला मजकूर स्पॅम फिल्टरला आवडत नाही. आम्ही खूण म्हणून सीआयएनच ठेवला. २१ अक्षरं, मध्ये जागा नाही, दुसऱ्या कोणाचा तसाच असण्याची शक्यता नाही, आणि तो दाखवायचाच असतो. जागा असलेलं वाक्य खूण म्हणून घेतलं, तर साध्या टेक्स्ट मेलमध्ये ओळ मध्येच तुटून ते ओळखलं न जाण्याचा धोका असतो. एक मात्र पाहा : अकाउंट्सवाले मेलच्या मजकुरात स्वतःच सीआयएन टाइप करत असतील, तर त्या मेलला डिस्क्लेमर लागणार नाही.

कायदेशीर ओळीला हा अपवाद छान बसतो, कारण साखळीत ती एकदा असली की पुरे. सिग्नेचरचं गणित मात्र इथेच फिसकटतं. विक्री विभागाने सुरू केलेल्या साखळीत सर्व्हिसच्या माणसाने उत्तर दिलं, तर अपवादामुळे त्याची सिग्नेचर लागतच नाही. अपवाद काढला तर सगळ्यांच्या सिग्नेचर तळाशी साचतात. शिवाय पाठवणाऱ्याला ‘सेंट आयटम्स’मध्ये जोडलेलं काहीच दिसत नाही, आणि ‘माझी सिग्नेचर जात नाही’ अशा तक्रारी येत राहतात. अशा वेळी मेसेज ट्रेसमध्ये, म्हणजे मेलच्या प्रवासाच्या नोंदीत, नियम लागल्याचं दाखवायचं.

तरीही नियमातूनच सिग्नेचर द्यायची असेल, तर डिरेक्टरीतली (कर्मचाऱ्यांच्या खात्यांच्या यादीतली) नाव, पद, फोन ही क्षेत्रं दुहेरी टक्केचिन्हांत लिहून वापरता येतात. कॅपिटल-स्मॉल अक्षरं तंतोतंत जुळली पाहिजेत. क्षेत्र रिकामं असेल तर ‘मो. :’ एवढंच लटकत राहतं. त्यावर तोडगा म्हणजे कस्टम अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे हवी ती माहिती भरायची मोकळी क्षेत्रं; अशी १५ मिळतात. एकात मराठी नाव, दुसऱ्यात मराठी पद, तिसऱ्यात ‘मो. :’ या शब्दासकट नंबर. नंबर नसेल तर लेबलही उमटत नाही. सामाईक मेलबॉक्समधून मेल गेला, तर माहिती त्या मेलबॉक्सची येते, लिहिणाऱ्याची नाही. हे बहुतेकदा सोयीचंच ठरतं.

एन्क्रिप्टेड मेलमध्ये मजकूर घालता येत नाही, तेव्हा काय करायचं हे नियमातच ठरवावं लागतं. ‘रॅप’ निवडलं तर मूळ मेल नव्या मेलला अटॅचमेंट होऊन जातो आणि समोरचा गोंधळतो. ‘रिजेक्ट’ने मेलच अडतो. आम्ही ‘इग्नोर’ ठेवलं आहे. डिजिटल सही केलेल्या मेलचा मजकूर वाटेत बदलला तर सही अवैध ठरते, त्यामुळे ‘साइन्ड’ प्रकारचे मेल अपवादात टाका. कॅलेंडरची निमंत्रणं आणि स्वयंचलित उत्तरंही.

डिस्क्लेमर बाहेरच्या गेटवेवरून, म्हणजे मेल ज्यातून पुढे जातो त्या वेगळ्या सर्व्हरवरून, जोडत असाल तर डीकेआयएमची सही (मेल आपल्याच डोमेनचा आहे आणि वाटेत बदललेला नाही हे दाखवणारी) त्यानंतर व्हायला हवी. आधी सही आणि मग मजकूर असा क्रम झाला की पडताळणी फसते. एक्स्चेंज ऑनलाइनच्या नियमांत हा प्रश्न येत नाही, तिथे सही शेवटी होते.

सध्या आमच्याकडे नियमातून फक्त कायदेशीर ओळ जाते आणि सिग्नेचर आउटलुकमध्ये ठेवली आहे. उत्तरागणिक नेमक्या जागी सिग्नेचर हवीच असेल तर पैसे मोजून वेगळी सेवा घ्यावी लागते. कंपनीचं नाव गेल्या दोन वर्षांत बदललं असेल तर जुनं नावही त्या ओळीत द्यायचं असतं. ते काढायची तारीख नियमाच्या टिप्पणीतच लिहून ठेवा.