मळीचं पाणी नदीत गेलं: प्रेसनोट की दवंडी?

डिस्टिलरीच्या लगूनचा, म्हणजे सांडपाण्याच्या तळ्याचा, बांध फुटून स्पेंटवॉश (मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारं सांडपाणी) तापीत उतरला, तर व्यवस्थापनात हमखास वाद होतो: आधी प्रेसनोट की आधी गाव? (प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवणं यात धरलेलंच नाही, १९७४ च्या जल कायद्याच्या कलम ३१ नुसार ते तात्काळच करायचं.)

वेग पाहा. नोट वकिलाकडून फिरून येते आणि छापून येते दुसऱ्या दिवशी. तोवर रावेर-यावलकडच्या केळीला ड्रिपमधून तेच पाणी सुटलेलं असतं. दवंडी, मंदिराचा भोंगा, पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला फोन, एवढ्यात तासाभरात मोटारी बंद होतात.

खर्च दोन्हीकडे किरकोळ. गावात खरा खर्च टँकरचा, आणि तो टळत नाही.

चुका मात्र वेगळ्या. नोटमध्ये ‘पाणी सुरक्षित आहे’ हे वाक्य घुसतं. पीएच (आम्लता) मीटरवर लगेच कळतो, पण बीओडीच्या (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याच्या) चाचणीला २७ अंशांवर ३ दिवस लागतात. पहिल्या दिवशी ते वाक्य लिहायला आधारच नसतो. मेलेले मासे काठाला लागले की नोटची रद्दी. गावात धोका बोलणाऱ्याचा. २०१० च्या मेक्सिको आखातातल्या तेलगळतीत ११ कामगार गेले होते, तरी बीपी या तेल कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टोनी हेवर्ड ‘मला माझं आयुष्य परत हवंय’ म्हणाले. पारावर पीआरवाला नको. अहिराणी किंवा लेवा बोली येणारा, व्हॉल्व्ह कुठे आहे हे माहीत असलेला प्लांट इंजिनिअर पाठवा.

खालच्या अंगाला कुणी ते पाणी पीत किंवा शेताला देत असेल, तर आधी दवंडी. गळती आवारातच अडली असेल, तर वेळ, अंदाजे लिटर आणि पुढच्या माहितीची वेळ देणारी चार ओळींची नोट पुरते.