ड्रेन बोल्टसाठी टॉर्क रेंच: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी माझ्या दीडशे सीसीच्या मोटारसायकलचे ऑइल बदलून आणले, त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या भांडुपच्या सोसायटीच्या आवारात गाडीखाली रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग दिसला. आठवडाभरात तो बशीएवढा झाला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी पेव्हर ब्लॉक खराब होत असल्याची लेखी समज दिली. इंजिनाखाली हात घातल्यावर कारण कळले. ज्या गॅरेजमध्ये काम झाले होते तेथे ड्रेन बोल्ट, म्हणजे जुने ऑइल काढण्यासाठी इंजिनाच्या तळाशी असलेला बोल्ट, रिंग पान्याला पाइप जोडून आवळला गेला होता आणि आतले आटे गेले होते. बोल्ट पोलादी असतो आणि क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच, ॲल्युमिनियमचे, त्यामुळे जोर जास्त झाला की पहिल्यांदा क्रँककेसमधले आटे सुटतात. म्हणजे पन्नास रुपयांच्या बोल्टला धक्का लागत नाही आणि हजारोंचा भाग निकामी होतो. लेथवाल्याकडून स्टीलच्या तारेचे नवे आटे, म्हणजे हेलिकॉइल, बसवून घ्यायला सातशे रुपये लागले, आणि त्याच दिवशी मी ठरवले की यापुढे ऑइल घरीच बदलायचे आणि बोल्ट अंदाजाने आवळायचा नाही.

टॉर्क रेंच म्हणजे ठरवून दिलेल्या जोराला 'टक्' असा आवाज करून सांगणारा पाना. मी घेतलेल्या रेंचवर जे नाव छापलेले आहे ते येथे देत नाही, कारण अगदी त्याच साच्यातले, त्याच मुठीचे आणि त्याच लाल डब्यातले हत्यार मी एकाच दुपारी तीन वेगवेगळ्या नावांनी पाहिले. नावापेक्षा त्यावर कोरलेले आकडे महत्त्वाचे आहेत, आणि नेमकी तेथेच माझी पहिली चूक झाली.

हत्यारांसाठी मुंबईकर नागदेवीच्या बाजारात जातो. तिथल्या मशीद स्टेशनला जलद गाडी थांबत नाही, म्हणून भांडुपहून धीम्या लोकलने उतरून चालत गेलो. पहिल्या दुकानात मी केवळ 'टॉर्क रेंच' मागितला आणि अर्धा इंच चौकोनाचा (या चौकोनी टोकावर बोल्टच्या मापाची गोटी बसते), २८ ते २१० न्यूटन मीटरचा रेंच घेऊन घरी आलो. न्यूटन मीटर हे आवळण्याच्या जोराचे एकक. गाडीच्या पुस्तिकेत ड्रेन बोल्टसाठी ३० न्यूटन मीटर हा आकडा आहे; ३० हे २८ च्या वर आहे, एवढाच हिशेब मी केला होता. तो हिशेब कच्चा आहे. आयएसओ ६७८९ या टॉर्क रेंचसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा रेंचची तपासणी त्याच्या कमाल क्षमतेच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवर केली जाते, आणि १० न्यूटन मीटरहून मोठ्या रेंचला अधिक-उणे ४ टक्के चूक माफ असते. २१० चे २० टक्के म्हणजे ४२. त्याच्या खाली पट्टीवर आकडे कोरलेले असले तरी त्यांची हमी कोणी देत नाही. हा रेंच मोटारीच्या चाकांच्या नटांसाठी उत्तम आहे, मोटारसायकलच्या ड्रेन बोल्टसाठी मात्र नाही. दुकानदाराने दोनशे रुपये कापून तो परत घेतला. न वापरलेले हत्यार परत घेताना पैसे का कापावेत हे मला अजूनही पटलेले नाही. दुसऱ्या दुकानातल्या शेठनी मात्र आधी विचारले, "कोणता बोल्ट आवळायचा आहे?" आणि मगच तीनअष्टमांश इंच चौकोनाचा, १० ते ६० न्यूटन मीटरचा रेंच समोर ठेवला. किंमत दोन हजार चारशे, आणि सतरा नंबरची गोटी वेगळी.

हत्यार हातात चांगले बसते. वजन साधारण आठशे ग्रॅम, लांबी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत येईल त्याहून थोडी कमी. मुठीला जाळीदार खाच असल्यामुळे तेलकट हातातूनही ती निसटत नाही. आकडा लावण्याची पद्धत अकरावीच्या प्रयोगशाळेतल्या स्क्रू गेजसारखी आहे: मूठ फिरवली की तिची कड दांड्यावरच्या पट्टीवर सरकते आणि उरलेला भाग मुठीवरच्या रेघांवर वाचायचा. ज्यांनी कधी स्क्रू गेज हाताळला नाही त्यांना पहिल्या दिवशी हे वाचन चकवते. त्याहून मोठा चकवा म्हणजे दांड्याच्या एका बाजूला न्यूटन मीटर आणि दुसऱ्या बाजूला फूट-पाउंड कोरलेले आहेत, आणि दोन्हींचा ठसा सारखाच बारीक आहे. चुकून फूट-पाउंडच्या बाजूला ३० लावले तर प्रत्यक्षात ४० न्यूटन मीटरहून अधिक जोर लागतो, म्हणजे एकतृतीयांश जास्त. मी फूट-पाउंडच्या पट्टीवर सरळ काळी चिकटपट्टी लावून टाकली आहे. जुन्या पुस्तिकांमध्ये आकडा किलोग्रॅम मीटरमध्ये असतो, त्याला ९.८ ने गुणावे.

बाजारातल्या हत्याराबरोबर तपासणीचा जो कागद येतो त्यावर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडे जाऊन त्याच्या व्हाइसमध्ये रेंचचा चौकोन पकडला आणि दांडा आडवा ठेवला. मुठीच्या मध्यावर, चौकोनापासून बरोबर ३० सेंटीमीटरवर, पाण्याचा कॅन दोरीने लटकवला. प्रवासाच्या बॅगा मोजायच्या काट्यावर कॅनसकट वजन १० किलो भरेल इतके पाणी घेतले होते. दहा किलो आणि तीस सेंटीमीटर म्हणजे २९.४ न्यूटन मीटर. त्यात रेंचच्या स्वतःच्या वजनाचे सुमारे १.३ मिळवले की ३०.७ होतात. रेंच ३० वर लावला आणि कॅन हळूच सोडला, तर स्वच्छ 'टक्' झाली. ३२ वर लावला, तर कॅन नुसता लोंबकळत राहिला. मला जे जाणून घ्यायचे होते ते तेवढ्यात कळले. मग हौसेने सर्वांत खालचा १० चा आकडाही पाहिला. तेथे ३ किलोला आवाज व्हायला हवा होता, तो पावणेचार किलोच्या आसपास झाला, आणि तोही इतका दबका की शेजारी कटर चालू असता तर ऐकूही आला नसता. म्हणजे वीस टक्क्यांहून अधिक चूक. लहान बोल्टांसाठी, विशेषतः इंजिनाच्या बाजूच्या कव्हरांच्या दहा-बारा न्यूटन मीटरच्या बोल्टांसाठी, मी हा रेंच वापरणार नाही आणि कोणाला वापरा असेही सांगणार नाही.

प्रत्यक्ष ऑइल बदलताना रेंचचे काम जेमतेम अर्ध्या मिनिटाचे असते. इंजिन चार-पाच मिनिटे चालवून कोमट करायचे, गाडी डबल स्टँडवर लावायची, खाली पसरट टब ठेवून बोल्ट सोडायचा. तो सोडताना रेंच वापरू नये, साधा रिंग पाना घ्यावा. जाम झालेला बोल्ट ओढण्यासाठी रेंचमधली स्प्रिंग नसते. ऑइल पूर्ण गळेपर्यंत मी आईच्या जुन्या पाटावर बसून राहतो, कारण शेवटचे थेंब पडायला वेळ लागतो आणि घाई केली की तेच थेंब नव्या ऑइलमध्ये राहतात. नवा ॲल्युमिनियमचा वायसर घालून बोल्ट आधी बोटांनीच फिरवावा. खालून वर पाहताना आवळण्याची दिशा उलटी वाटते आणि कित्येकांचे आटे याच गोंधळात जातात. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, एवढे लक्षात ठेवले की पुरे. शेवटी रेंच लावून सावकाश ओढत राहावे. 'टक्' झाली की थांबावे. रेंच स्वतः थांबत नाही, तो फक्त सांगतो. आवाजानंतरही ओढत राहिलात तर त्याच्यात आणि पाइप लावलेल्या पान्यात काही फरक उरत नाही. पहिल्या खेपेस रस्त्यावर पालिकेचे खोदकाम चालू असल्याने मला आवाज ऐकू आला नव्हता, हाताला मात्र झटका स्पष्ट जाणवला.

गाडीखाली हा रेंच थोडा अडचणीचा ठरतो. सायलेन्सर आणि स्टँड यांच्यामध्ये दांडा फिरवायला जागा कमी मिळते आणि याच्या रॅचेटला, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या दातेरी चाकाला, २४ दात आहेत, म्हणजे पुढचा दात पकडण्यासाठी प्रत्येक वेळी दांडा किमान १५ अंश मागे न्यावा लागतो. ७२ दातांच्या रॅचेटला ५ अंश पुरतात. पुन्हा घ्यायचा झाला तर मी आठशे रुपये जास्त देऊन तो घेईन. तोपर्यंत तीन इंचांचा एक्स्टेन्शन रॉड लावून काम भागवतो.

पावसाळ्यात या हत्याराची खरी परीक्षा झाली. जुलैमध्ये डबा उघडला तेव्हा चौकोनाच्या कडांवर आणि रॅचेटच्या कळीवर तांबूस ठिपके आले होते. दांड्याचा मुलामा मात्र शाबूत होता. तेव्हापासून वापरल्यावर तेलाच्या फडक्याने पुसून ठेवतो. ठेवताना मूठ सैल करून किमान आकड्यावर, म्हणजे १० वर, आणायची असते. ताणलेली स्प्रिंग महिनोन्‌महिने तशीच राहिली की आकडे हळूहळू खोटे होतात. डब्याची कडी पाचव्या महिन्यात तुटली आणि आता तो रबरबँडने बंद होतो. एवढ्या किमतीत मला याहून बरी कडी अपेक्षित होती.

पैशांचा हिशेब मांडला तर हे हत्यार स्वस्त पडत नाही. आमच्याकडे गॅरेजवाला ऑइल बदलण्याची मजुरी दीडशे रुपये घेतो आणि माझ्या वापराला वर्षातून तीन वेळा ऑइल बदलावे लागते, म्हणजे केवळ मजुरी वाचवून रेंच आणि गोटीचे पैसे फिटायला पाच-सहा वर्षे जातील. ज्याची गाडी चांगल्या हातात आहे त्याने घेऊ नये. एकदा आटे गमावलेल्या माणसाने मात्र घ्यावा, आणि घेताना पट्टीवरचा सर्वांत मोठा आकडा पाहून त्याला पाचाने भागावे. उत्तर आपल्या बोल्टच्या आकड्याहून चांगलेच कमी आले, तरच पैसे द्यावेत.

गेल्या महिन्यात बी विंगमधल्या शेजाऱ्यांनी स्कूटरच्या चाकाचा गंजलेला नट सोडवायला रेंच मागितला. मी त्यांना रिंग पाना दिला आणि रेंच घेऊन स्वतः खाली गेलो. नट त्यांनी सोडवला, आवळण्याच्या वेळी त्यांच्या पुस्तिकेतला आकडा मी लावला. 'टक्' ऐकून त्यांचा मुलगा दचकला आणि काही तरी मोडले असे समजून त्याने हात मागे घेतला.