कस्टम गेमिंग लॅपटॉप मागवणार असाल तर आधी आमचं काय झालं ते वाचा

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी आई गच्चीवर वाळत घातलेले पापड गोळा करत होती आणि खाली कुरिअरवाला हाका मारत होता. धाकटा भाऊ चपला न घालताच धावला. दोन महिने वाट बघून एकदाचा त्याचा लॅपटॉप आला होता आणि आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरमधल्या घरात त्या दिवशी दिवाळीच होती असं म्हटलं तरी चालेल. हे सगळं मी लिहितेय कारण त्या पहिल्या दिवशी आम्हाला एकही गोष्ट खटकली नव्हती, एकही नाही, आणि तिथेच आम्ही फसलो.

आधी मागचं सांगते. भाऊ थ्रीडी आणि गेम डिझाइन शिकतो, ब्लेंडर आणि अनरियल ही त्यासाठीची सॉफ्टवेअर त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर अक्षरशः रडत चालायचे. त्याला हवी होती आरटीएक्स ४०६०, म्हणजे ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, कारण मोठे सीन रेंडर करायला, म्हणजे कॉम्प्युटरकडून त्यांचं तयार चित्र काढून घ्यायला, कार्डाची मेमरी लागते. सोशल मीडियावर एक पेज सापडलं, दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या शहरातलं, नाव मी मुद्दाम लिहीत नाही कारण प्रकरण आता ग्राहक आयोगात आहे. ते म्हणे लॅपटॉप तुमच्या मनासारखा बनवून देतात, प्रोसेसर तुम्ही सांगा, रॅम तुम्ही सांगा, स्क्रीन सांगा, कीबोर्डचे दिवे सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर अगदी पाच मिनिटांत उत्तर यायचं, रात्री अकरालासुद्धा. आय७ १३७०० एचएक्स प्रोसेसर, ४०६० कार्ड, १६-१६ च्या दोन स्टिक मिळून ३२ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, १६५ हर्ट्झची स्क्रीन, सगळं मिळून १ लाख ३८ हजार. त्यातले ८८ हजार माझे, नोकरी लागल्यापासून साठवलेले, आणि ५० हजार बाबांची आरडी मोडून.

७० हजार अ‍ॅडव्हान्स यूपीआयने आणि बाकीचे ६८ हजार माल पाठवायच्या आधी बँक ट्रान्सफरने. मी क्रेडिट कार्डाचं विचारलं होतं, तर विकणारा म्हणाला मॅडम, कार्डावर अडीच टक्के जास्त लागतील, आणि मला वाटलं साडेतीन हजार कशाला घालवायचे. आता कळतंय की कार्डाने दिले असते तर माल सांगितल्यासारखा नाही म्हणून बँकेत डिस्प्यूट टाकता आला असता, चार्जबॅक म्हणतात त्याला. स्वतःहून ट्रान्सफर केलेल्या पैशांत ती सोय मिळत नाही. त्या अडीच टक्क्यांसाठी मी अजून स्वतःला बोल लावते.

आणि मग त्याने एक गोष्ट फुकट देऊ केली. झाकणावर नाव कोरून देतो म्हणाला, लेझरने, देवनागरीत सुद्धा. भाऊ इतका खूश झाला की विचारू नका. हे नाव लक्षात ठेवा, पुढे याच नावाने आमचा गळा धरला.

पंधरा दिवस सांगून दोन महिने लावले. कधी पॅनल कस्टम्समध्ये अडकलं, कधी टेस्टिंग चालू आहे. तर, बॉक्स उघडला. आत जाड फोम, लॅपटॉपवर काळं मऊ कापड, नवीन वस्तूचा येतो तो वास, कडांना प्लास्टिकची फिल्म, विटेएवढा जड २३० वॉटचा चार्जर. झाकणावर भावाचं नाव कोरलेलं, सुरेख अक्षर, आईने त्यावरून बोट फिरवून बघितलं आणि हळदीकुंकू लावलं. चालू केला तर कीबोर्डावर रंगांची लाट, विंडोज आधीच घातलेलं, सेटिंग्जमध्ये बघितलं तर १३७०० एचएक्स बरोबर, रॅम ३२ जीबी बरोबर, डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या पार्टांच्या यादीत, ग्राफिक्स कार्डाचं नाव ४०६० बरोबर. एक गेम टाकून बघितला, झकास चालला. मी बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढत होते तो दिवे लागल्यावर बंद केला. सगळं तर नीट आहे, अजून काय शूट करायचं असं वाटलं.

बिलाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की टेस्टिंग वॉरंटी ३ दिवस. दुसऱ्या दिवशी रंगपंचमी. इंदूरला ज्यांनी रंगपंचमी बघितलीय त्यांना सांगायला नको, राजवाड्याला गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते आणि त्या भागातलं दुकान उघडं सापडत नाही, घरी पाहुणे, सगळे रंगात. तिसरा दिवस दमण्यात गेला. चौथ्या दिवशी भावाने कॉलेजच्या प्रोजेक्टचा सीन रेंडरला लावला आणि मेमरी संपली असा एरर आला. त्याच्या मित्राकडे दुसऱ्या कंपनीचा ४०६० वालाच लॅपटॉप आहे, त्यावर तोच सीन आधी आरामात झाला होता. भाऊ गप्प झाला. मला म्हणाला ताई, काहीतरी गडबड आहे.

टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये ग्राफिक्सवर क्लिक केलं तर डेडिकेटेड मेमरी, म्हणजे कार्डाची स्वतःची, ६ जीबी. ४०६० लॅपटॉपला ८ असते. ६ असते ४०५० ला. तिथेच मेमरीवर क्लिक केलं तर स्लॉट वापरलेत दोनपैकी एक, म्हणजे १६-१६ च्या दोन नाहीतच, ३२ ची एकच काडी बसवलेली, आणि एकाच स्लॉटवर चालवलं की रॅमची डेटा वाहून न्यायची क्षमता अर्धी राहते. ह्यासाठी काही डाउनलोड करावं लागत नाही हो, विंडोजमध्येच आहे, दोन मिनिटांचं काम, आणि आम्ही पहिल्या दिवशी दिवे बघत बसलो.

माझा मामेभाऊ जेल रोडला लॅपटॉप रिपेअरिंग करतो, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याने जीपीयू-झेड हे ग्राफिक्स चिपची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं, बस विड्थ ९६ बिट आणि शेडर २५६०, हे सगळं ४०५० चं, ४०६० ला १२८ बिट आणि ३०७२ असतात. मग जुना ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मुळापासून पुसून एनव्हिडियाच्या साइटवरून ताजा टाकला आणि रीस्टार्ट झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव आलं ४०५०. दादा म्हणाला तिथे दिसतं ते नाव विंडोजच्या रजिस्ट्रीत नुसतं लिहिलेलं असतं, माहिती असणारा माणूस पाच मिनिटांत बदलतो. नाव बदलता येतं, मेमरी बदलता येत नाही.

पुढे तर अजून निघत गेलं. डिस्क तपासणाऱ्या क्रिस्टल डिस्क इन्फो सॉफ्टवेअरमध्ये एसएसडी ५ हजार ८०० तासांपेक्षा जास्त चाललेली. नवीन एसएसडीला हा आकडा शून्याच्या आसपास असायला हवा, टेस्टिंग केलं म्हटलं तरी दहा-वीस तास. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं टाकलं की विंडोज बॅटरीची कुंडलीच काढून देतं, त्यात सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली गेली तो आकडा, २४० च्या वर आणि क्षमता मूळच्या तीन चतुर्थांश राहिलेली. दादा शांतपणे म्हणाला, "अगं, हा कोरा नाहीच. कोणाचा तरी दीड-दोन वर्षं वापरलेला आहे, वरचं झाकण नवीन टाकलंय." भाऊ तिथेच स्टुलावर बसून राहिला. नवीन झाकण, त्यावर त्याचं नाव.

आता एक गोष्ट जी मला आधी माहीत असती तर मी ह्या वाटेलाच गेले नसते. कस्टम लॅपटॉप हा कोणी डेस्कटॉपसारखा सुट्या पार्टांनी जोडत नाही. तैवानच्या क्लेव्होसारख्या कंपन्या तयार चेसिस बनवतात, मदरबोर्ड, स्क्रीन, कीबोर्ड सगळं बसवून, आणि विकणारा त्यात रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड घालतो, थर्मल पेस्ट बदलतो, विंडोज टाकतो. हा धंदा चांगला आहे, प्रामाणिकपणे करणारे आहेत. पण अशा मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बोर्डावर सोल्डर केलेल्या असतात. म्हणून जेव्हा मी त्या माणसाला फोन केला आणि तो म्हणाला "मॅडम, आप भेज दो, कार्ड बदलके देता हूँ," तेव्हा दादाने मागून मान हलवली. कार्ड निघतच नाही, बदलायचा तर सगळा बोर्ड. तो फक्त माल परत स्वतःच्या ताब्यात घ्यायला बघत होता, आणि एकदा तो गेला की आमच्या हातात काय राहिलं असतं?

मी म्हटलं नको, पैसे परत द्या. तर सूर बदलला. "मॅडम, कस्टम पीस है, ऊपर नाम लिखा है, ये अब मैं किसको बेचूँगा?" फुकट नाव कशासाठी कोरून देतात ते तेव्हा कळलं. नाव आलं की रिटर्न नाही, त्यांच्या अटींत तसं लिहिलेलंच होतं, पर्सनलाइज्ड माल परत घेतला जाणार नाही म्हणून. मी म्हटलं नाव कोरलं म्हणून ४०५० ची ४०६० होत नाही. मग म्हणाला तीन दिवस संपले.

आणि मग आमच्याकडून झालेली खरी चूक त्याच्या हातात पडली. दादाने रॅमची काडी बघायला मागचं कव्हर उघडलं होतं, स्क्रूवरचं स्टिकर फाटलं, आणि मी रागाच्या भरात आतले फोटो विकणाऱ्याला पाठवले होते. तो लगेच, "आपने लोकल में खुलवाया है, बोर्ड वहीं बदला होगा." म्हणजे माझ्या सख्ख्या मामेभावावर आळ. दादाने तेव्हा काही म्हटलं नाही पण त्याचा चेहरा मी विसरणार नाही, दादाने आमच्याकडून एक रुपया घेतला नव्हता. म्हणून हात जोडून सांगते, बॉक्स बंद असल्यापासून ते टास्क मॅनेजर, बॅटरी रिपोर्ट आणि एसएसडीचे तास दिसेपर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा, कुरिअरची चिठ्ठी आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर त्यात दिसू द्या, मध्ये कट नको. स्क्रूला हात लावायची गरजच पडत नाही, आमचं सगळं सॉफ्टवेअरमध्येच दिसत होतं. उघडायचंच असेल तर आधी लेखी तक्रार पाठवा, मग उघडा, तेही कॅमेऱ्यासमोर.

बिलाचं तर बाबांनी काढलं. बाबांनी आयुष्यभर अकाउंट्समध्ये काम केलंय, त्यांनी चष्मा लावून बिल बघितलं आणि विचारलं, माल दुसऱ्या राज्यातून आला ना, मग ह्याने ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी कसा लावला? राज्याबाहेरून आलेल्या मालावर आयजीएसटी लागतो, सरळ १८ टक्के. मग जीएसटी पोर्टलवर सर्च टॅक्सपेयरमध्ये बिलावरचा १५ अक्षर-आकड्यांचा जीएसटी नंबर टाकला, लॉगिन लागत नाही त्याला, तर रजिस्ट्रेशन रद्द झालेलं. आणि पैसे ज्या खात्यात गेले ते दुकानाच्या नावाचं नव्हतंच, कोणा माणसाचं. ७० हजार पाठवताना फोनच्या स्क्रीनवर ते नाव मला दिसलं होतं. दिसलं होतं आणि मी ओके दाबलं होतं.

तक्रारी सगळीकडे केल्या. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली, पण तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, तासाभरात लावला तर रक्कम पुढे जायच्या आत गोठवायची संधी असते, आम्हाला कळेपर्यंत अ‍ॅडव्हान्स जाऊन दोन महिने झाले होते. १९१५ म्हणजे नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन, तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार पुढे पाठवली, समोरून उत्तर नाही. रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली ती परत आली. त्यानंतर त्या पेजवर मला ब्लॉक केलं, पण व्हॉट्सअ‍ॅपचं सगळं बोलणं मी त्याआधीच एक्सपोर्ट करून ठेवलं होतं, हे मात्र दादाच्या सांगण्यावरून, नाहीतर तेही सुचलं नसतं.

मग ग्राहक आयोग. पुष्कळ लोक ह्याला घाबरतात की विकणारा दुसऱ्या राज्यात आहे तर तिकडे चकरा माराव्या लागतील. तसं नाहीये. २०१९ च्या कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आमची इंदूरलाच. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही, मुदत दोन वर्षं, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते. आम्ही ऑर्डरचं बोलणं, पैसे गेल्याच्या पावत्या, बिल, बॅटरी रिपोर्ट, स्क्रीनशॉट आणि दादाचं दुकानाच्या लेटरहेडवर लिहिलेलं म्हणणं जोडलं. दादा स्वतःहून म्हणाला की गरज पडली तर मी येऊन सांगतो. पैसे मिळतील का माहीत नाही. खात्याच्या नावावरून माणूस सापडेल एवढी आशा आहे.

भाऊ परत जुन्या कॉम्प्युटरवर काम करतोय, रात्री रेंडर लावून झोपतो आणि सकाळी अर्ध्यावर अडकलेला सापडतो, पण तक्रार करत नाही, माझ्यासमोर तर नाहीच. तो लॅपटॉप वापरायचा नाही असं आम्ही ठरवलंय कारण आता तो पुरावा आहे. आईच्या कपाटात, साड्यांच्या खालच्या कप्प्यात, त्याच काळ्या कापडात गुंडाळून ठेवलाय. बॅटरी पूर्ण उतरू नये म्हणून महिन्यातून एकदा काढते, अर्धी चार्ज करते आणि नाव खाली जाईल असा पालथा ठेवून देते.