बफेलो की डेट्रॉइट? नायगाराच्या फेरीत एक दिवस हाताशी असेल तर

मोटारीने अमेरिकन शहरांची काय गत केली ते पाहायचं असेल, तर नायगाराहून ३० किलोमीटरवरच्या बफेलोत थांबावं, की मुद्दाम डेट्रॉइट गाठावं?

डेट्रॉइटला बॅग्ली स्ट्रीटवरच्या मिशिगन थिएटरपाशी सगळा मामला एका जागी दिसतो. १८९६ मध्ये हेन्री फोर्डने पहिली गाडी जोडली ती इथल्याच एका शेडमध्ये. गाडी दारातून निघेना, म्हणून कुऱ्हाडीने भिंत फोडली. पुढे १९२६ मध्ये त्याच जागेवर चारेक हजार खुर्च्यांचं थिएटर झालं. सत्तरच्या दशकात लगतच्या ऑफिसांना पार्किंग हवं होतं. पण थिएटर पाडलं तर त्याला चिकटलेली ऑफिसची इमारतच धोक्यात येणार. मग थिएटर आतून पोखरून तीन मजली पार्किंग केलं. आज वर नक्षीदार छत, रंगमंचाची कमान, फुटलेलं प्लास्टर आणि खाली रांगेत गाड्या! जागा खासगी आहे, त्यामुळे आत सोडतीलच असं नाही आणि बाहेरून काही कळत नाही. आधी चौकशी करूनच जा.

मिशिगन सेंट्रल स्टेशन मात्र फोर्ड कंपनीने दुरुस्त करून २०२४ मध्ये खुलं केलं. शेवटची आगगाडी १९८८ मध्ये सुटली होती. अजूनही रेल्वे नाही, बाकी थाट आहे. शहरातली उन्नत रेल्वे पीपल मूव्हर आणि ट्राम क्यूलाइन, दोन्ही तिथवर जात नाहीत. डेट्रॉइटला गाडी भाड्याने घ्याच.

बफेलोत गाडीवाचून भागतं: नायगाराहून ४० नंबरची बस, पुढे मेट्रो रेल. वास्तुकार लुई सलिव्हनच्या गॅरंटी बिल्डिंगची (१८९६) टेराकोटाची नक्षी हात लावून पाहता येते. गेलेल्या गोष्टी मात्र शोधाव्या लागतात. उद्यानरचनाकार ऑल्मस्टेडचा हम्बोल्ट पार्कवे हा झाडीचा रस्ता साठच्या दशकात केन्सिंग्टन एक्सप्रेसवेखाली गेला. आज तिथे खोल खंदकातून गाड्या धावतात.

थिएटरमध्ये शिरायची सोय होत असेल तरच डेट्रॉइट. नाहीतर सरळ बफेलो, तेही हिवाळा सोडून, कारण सरोवरावरून येणारा बर्फ बेत बुडवतो. बफेलोतली, वास्तुकार फ्रँक लॉइड राइटची लार्किन इमारत १९५० मध्ये ट्रकतळासाठी पाडली. ट्रकतळ झालाच नाही. स्वान स्ट्रीटवर विटांचा एक खांब उरलाय, नीट बघा, नजरेतून सुटतो.