तिसऱ्या दिवशी उतरणारी गुडघेदुखी

दहा वर्षांची गुडघेदुखी एखाद्या पुडीने तीन दिवसांत उतरली, तर उरलेल्या पुड्या जपून ठेवा आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. संधिवाताच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीत "गुण आला नाही" ही तक्रार फारशी नसतेच. गुण येतो, आणि चटकन येतो. माणूस अडकतो तो तिथेच.

सुरुवात बहुतेक वेळा ओळखीतून होते. लग्नात, देवळाच्या पायरीवर, बागेतल्या बाकावर कुणीतरी सांगतं, "आमच्या वहिनींना जिना चढवत नव्हता, आता पालखीबरोबर चालतात." सांगणारी व्यक्ती खोटं बोलत नसते, म्हणूनच विश्वास बसतो. एक फोन नंबर मिळतो. तिकडून दुखणं किती वर्षांचं ते विचारतात, कुरिअरचा पत्ता विचारतात. साखर आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, पूर्वी अल्सर झाला होता का, हे कुणी विचारत नाही. आलेल्या पाकिटात काळ्या गोल गोळ्या, तपकिरी पूड किंवा कागदात बांधलेल्या पुड्या असतात. लेबल नसतं. असलंच तर "१०० टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही" एवढंच. सोबत पथ्याची लांबलचक यादी: दही, वांगं, बटाटा, हरभरा डाळ, सगळं आंबट. तीन महिने ती काटेकोर पाळणं कुणालाच जमत नाही. त्यामुळे पुढे दुखणं उलटलं की चूक रुग्णाचीच ठरते.

अशा पुड्या प्रयोगशाळेत तपासल्या की त्यांत पुन्हा पुन्हा स्टेरॉइड सापडतं, बहुधा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. जोडीला डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक. डेक्सामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी रुपयाच्या आत मिळते. ती कुटून जडीबुटीच्या पुडीत मिसळली की ना चव कळते, ना रंग.

स्टेरॉइड घेतल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस का उठतो, हे वैद्यकाला १९४८ पासून ठाऊक आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने (सांधे सुजवणाऱ्या संधिवाताने) जखडलेल्या एका तरुण स्त्रीला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोबेल मिळालं. पण औषध चालू ठेवलेल्या रुग्णांचे चेहरे सुजले, औषध थांबवलेल्यांचे सांधे पुन्हा आखडले. स्टेरॉइड सूज दाबतं. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरची गादी, ते भरून काढत नाही. आमवातात आजही डॉक्टर ते देतात, पण मोजून, ठरावीक मुदतीसाठी आणि रुग्णाला सांगून. पुडीत या तिन्हींतलं काहीच नसतं.

मात्रेचा हिशेब साधा आहे. पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. अर्ध्या मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांइतकं औषध दिवसभरात पोटात गेलं, तर ते सुमारे तेरा मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं. शरीर या जातीचं संप्रेरक रोज स्वतः बनवतं, त्याच्या तिपटीहून हे जास्त आहे. असं तीन-चार आठवडे चाललं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी काम थांबवू शकतात. बाहेरून पुरवठा होत असताना त्यांना निरोपच जात नाही.

घरच्यांच्या नजरेला पडणाऱ्या खुणा अशा. भूक वाढते, चेहरा गोल होतो, पोट सुटतं, पण हातपाय बारीक होतात. लोक म्हणतात "अंग भरलं, औषध लागू पडलं", आणि पहिली धोक्याची खूण कौतुकात निघून जाते. हातावर जरा लागलं तरी काळेनिळे डाग पडतात. गुडघा दुखत नसतानाही उकिडवं बसून उठता येत नाही, कारण मांड्यांचे स्नायू गळलेले असतात. साखर वाढते, पण ती जेवणानंतर आणि दुपारपासून पुढे जास्त चढते. नुसती उपाशीपोटीची तपासणी केली तर ती ठीक निघू शकते, म्हणून जेवणानंतर दोन तासांची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करून घ्यावं. पुढे मोतीबिंदू, ठिसूळ मणके, दबलेला क्षयरोग डोकं वर काढणं. जांघेत नवीन दुखू लागलं तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका घेऊन वेळेवर एमआरआय करावा लागतो. आणि काळी, डांबरासारखी शौचाला झाली तर थेट रुग्णालय गाठायचं. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र घेणाऱ्या वृद्धांत पोटातल्या अल्सरचा धोका, दोन्ही न घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे पंधरा पट असल्याचं १९९१ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. बीपीची आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, तर त्यात वेदनाशामकाची भर पडून मूत्रपिंडं अचानक बसू शकतात.

सगळ्यात दुष्ट भाग पुडी थांबवल्यावर सुरू होतो. दोन-चार दिवसांत सांधे पहिल्यापेक्षा जास्त ठणकतात, मळमळतं, चक्कर येते, गळून जायला होतं. फोन केला की उत्तर तयार असतं: "मुळातला वात बाहेर पडतोय, कोर्स मोडू नका." प्रत्यक्षात ते अंग स्टेरॉइडशिवाय चालू शकत नाही, याचं लक्षण असतं. ताप किंवा जुलाब झाले तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. म्हणून ज्यांनी काही आठवड्यांपेक्षा जास्त पुडी घेतली आहे त्यांनी ती आपल्या मनाने एकदम बंद करू नये. त्याच दिवशी पाकिटासकट डॉक्टरांकडे जावं. ते सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी स्वतः बनवतात ते संप्रेरक, तपासतात. चेहरा गोल आणि कॉर्टिसॉल मात्र अगदी तळाला, असं दिसलं की बाहेरून डेक्सामेथासोन येत असल्याचा संशय पक्का होतो. प्रेडनिसोलोन असेल तर तेच या तपासणीत कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जाऊन आकडा फसवा निघू शकतो. मग मोजलेल्या मात्रेत स्टेरॉइड देऊन ते आठवड्यांगणिक उतरवलं जातं. या काळात दात काढायचा असो की मोतीबिंदूचं ऑपरेशन, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट आधी सांगायलाच हवी.

यावर हमखास येणारा प्रश्न: मग इतके लोक बरे झाले ते कसे? त्याचं उत्तर जनरल प्रॅक्टिसमधल्या एका संशोधनात आहे. १९९८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दक्षिण मँचेस्टरमधल्या दोन दवाखान्यांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखीसाठी आलेल्या ४९० जणांपैकी दहातले नऊ तीन महिन्यांनंतर दवाखान्यात फिरकलेच नाहीत. डॉक्टरांना वाटणार की ते बरे झाले. पण रुग्णांना गाठून विचारलं तेव्हा वर्षभरानंतर पूर्ण बरे झालेले निघाले फक्त २५ टक्के. बाकीचे दुखणं अंगावर काढत होते. न येणारा रुग्ण म्हणजे बरा झालेला रुग्ण, ही चूक शिकलेल्या डॉक्टरांकडून होते, तर पुडीवाल्याच्या "हजारो बरे झाले" या आकड्याला काय अर्थ उरतो? शिवाय जुनं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं. माणूस उपाय शोधायला निघतो तो भरतीच्या दिवशी. त्यानंतर काहीही केलं तरी ओहोटी यायचीच असते, आणि श्रेय त्या आठवड्यात जे घेतलं त्याला जातं.

ही फसवणूक फक्त जडीबुटीवाल्यांचीच आहे, असंही नाही. चिठ्ठी न देता पांढऱ्या-पिवळ्या सुट्या गोळ्या कागदात बांधून देणारे आणि "महिन्याचं इंजेक्शन" म्हणत नाव न सांगता टोचणारे दवाखानेही आहेत. त्या इंजेक्शनात बऱ्याचदा दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइड असतं. नाव लिहून मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. लिहून देत नसतील तर घेऊ नका. लेबलवर निर्मात्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी असणं आयुर्वेदिक औषधांनाही बंधनकारक आहे. प्रामाणिक वैद्य चिठ्ठी लिहितात आणि नोंदणी क्रमांकही सांगतात. या पुडीवाल्यांमुळे नुकसान त्यांचंही होतं.

दुसरा प्रकार मुंबईत पोलिसांपर्यंत अनेकदा गेलेला आहे. लंगडत चालणाऱ्या वृद्धाला बँकेत, रुग्णालयाबाहेर किंवा बागेत कुणी सभ्य माणूस गाठतो. "माझ्या आईलाही असंच होतं" म्हणत एका वैद्याचा नंबर देतो. वैद्य घरी येतो, पायावर ब्लेडने बारीक चिरा देतो, तुंबडीसारखी धातूची नळी लावून ओढतो आणि पिवळा "पू" काढून दाखवतो. दर थेंबाला हजारो रुपये. थेंब किती निघतील हे आधी सांगत नाहीत, आणि शेवटी आकडा लाखांत जातो. इथे शरीराची रचना ठाऊक असली की पुरे. झिजेच्या गुडघ्यात पू नसतोच. सांध्यात खरोखर पू झाला तर ताप येतो, सांधा लाल आणि गरम होतो, पाय टेकवत नाही आणि रुग्णाला तातडीने दाखल करावं लागतं. सांध्यातलं पाणी काढायचं तर निर्जंतुक सुई थेट सांध्याच्या पोकळीत जावी लागते. कातडीवरची चीर तिथे पोचत नाही. म्हणजे तो पिवळा द्रव घरात येताना नळीबरोबरच आलेला असतो.

तिसरा प्रकार एक्स-रे किंवा स्कॅनचा फोटो दाखवून घाबरवण्याचा. "मणक्यात गॅप आहे, आता नाही केलं तर पाय जातील" म्हणून हजारोंचं पॅकेज गळ्यात मारतात. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचा २०१५ मधला एकत्रित अभ्यास सांगतो की विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत मणक्यांमधल्या चकतीची झीज दिसते. लघवी-शौचावरचा ताबा गेला, पायातली ताकद कमी होत चालली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर मात्र घाई खरी आहे.

गुडघ्याच्या झिजेवरचा प्रामाणिक उपाय हळू चालतो, आणि पुडीपुढे तो हरतो तो इथेच. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम घ्या: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. एक किलो वजन घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. डायक्लोफेनॅकचं जेल लावणं हे त्याच्या गोळ्या गिळण्यापेक्षा पोटाला बरंच सुरक्षित आहे.

फसवणूक झाली असेल तर उरलेलं औषध मूळ पाकिटातच ठेवा, डब्यात ओतू नका. कुरिअरची पावती, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरचा संवाद पुसू नका. औषधाची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. संधिवात बरा करण्याची जाहिरात करणं हाच १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून जाहिरातीचं कात्रण किंवा व्हिडिओही जोडा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते. चिरा देणारा माणूस घरात असेल तर ११२ ला फोन करून पोलिसांना बोलवा. ब्लेडच्या जखमांसाठी डॉक्टरांकडे धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आणि तेच ब्लेड दुसऱ्या कुणाला वापरलेलं असू शकतं म्हणून कावीळ-ब, कावीळ-क आणि एचआयव्हीची तपासणी कधी करायची, तेही त्याच भेटीत विचारा.