लॉसलेस घ्यावं की २५६ वरच थांबावं?

गाण्याच्या ॲपवर लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेलं गाणं, घ्यावं की २५६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) वर दाबलेलं, म्हणजे तपशील गाळून लहान केलेलं, साधंच पुरे, असं मला विचारलं जातं. ब्लूटूथवाल्यांचा निकाल आधी लावून टाकू, कारण विचारणाऱ्यांत बहुतेक तेच असतात. लॉसलेस गाणं फोनपर्यंत जसंच्या तसं येतं, पण तिथून इअरबड्सकडे निघताना दाबलं जातं. आयफोन ब्लूटूथवर एसबीसी किंवा एएसी या दाबण्याच्या पद्धतींनीच पाठवतो. अँड्रॉइडवर एलडॅक ही पद्धत असेल तर कमाल ९९० केबीपीएस, आणि सीडीचा मूळ वेग १४११. हे ९९०सुद्धा घरात, फोन समोर असताना. गर्दीच्या लोकलमध्ये फोन मागच्या खिशात असला की तेच ६६० किंवा ३३० वर येतं. लॉसलेसच्या बाजूनं एवढं मात्र म्हणता येईल की गाणं एकदाच दाबलं जातं. साध्या सेवेचं एएसी किंवा ऑग (स्पॉटिफायची दाबण्याची पद्धत) ब्लूटूथवर दुसऱ्यांदा दाबलं जातं. तत्त्वतः हा फायदा खरा आहे. चालत्या गाडीत तो ऐकू येत असेल तर तुमचे कान माझ्यापेक्षा नक्कीच चांगले.

आता वायरवाले. इथे तुलना करताना एक चूक सर्रास होते: ‘साधं’ म्हणून जे ऐकलं जातं ते साधं नसून निकृष्ट असतं. स्पॉटिफायवर ‘नॉर्मल’ म्हणजे ९६ केबीपीएस, ‘हाय’ १६० आणि ‘व्हेरी हाय’ ३२०. सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ ठेवलं तर नेटवर्क ढेपाळल्यावर ॲप गुपचूप खाली उतरतं. ९६ आणि ३२० मधला फरक कुणालाही कळेल. त्यानंतर लॉसलेस सुरू केलं की ‘अहाहा’ होणारच, पण त्यातलं बहुतेक श्रेय ३२० ला जातं.

दबलेला आवाज नेमका कुठे उघडा पडतो ते ऐकायचं असेल तर भजनातले टाळ आणि चिपळ्या लावा. कोडेक, म्हणजे आवाज दाबणारी प्रणाली, आवाजाचे तुकडे पाडून हिशेब करतो. एएसीचा नेहमीचा तुकडा १०२४ नमुन्यांचा (नमुना म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं माप), म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंदांचा. तुकड्याच्या मध्येच चिपळीचा ‘टक्’ आला की गणितातली चूक अख्ख्या तुकड्यावर पसरते आणि आघाताच्या आधीच बारीकसा ‘फस्स’ ऐकू येतो. हे टाळायला कोडेक अशा जागी छोट्या तुकड्यांवर उतरतो, पण त्याला बिट जास्त लागतात. ९६ वर ते पुरत नाहीत: टाळ ओलसर, पाण्यातून आल्यासारखे वाटतात आणि तानपुऱ्याची जवारी घुसळल्यासारखी होते. २५६ एएसी किंवा ३२० ऑगवर मला हा दोष ओळखता येत नाही, निदान खात्रीनं तरी नाही.

खात्री करायची असेल तर कॉम्प्युटरवर फूबार २००० हा प्लेअर घ्या आणि त्यात एबीएक्स कंपॅरेटर हे नाव लपवून तुलना करणारं जोडसाधन टाका. सीडीवरून काढलेली एक फ्लॅक (लॉसलेस) फाइल घ्या, तिच्यापासूनच २५६ ची एएसी फाइल बनवा आणि न बघता १६ वेळा ओळखा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर फरक ऐकू येतोय असं धरायला हरकत नाही. ९-१० म्हणजे नाणेफेक. दोन सेवा शेजारी ठेवून केलेली तुलना मात्र बाद समजा. सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय स्पॉटिफायवर साधारण –१४ एलयूएफएसला (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) धरते, ॲपल म्युझिकचा साउंड चेक –१६ ला. एकीकडचं गाणं दोन डेसिबलनं मोठं असलं की कान त्यालाच ‘जास्त खुलं’ म्हणतात. दोन्हीकडे ती सोय बंद केली तरी मास्टर, म्हणजे गाण्याची मूळ अंतिम प्रत, वेगळं असू शकतं.

माझं पारडं साध्या सेवेकडे झुकलं ते मात्र आवाजामुळे नाही, सॅम्पल रेटमुळे, म्हणजे सेकंदाला किती नमुने घेतले त्यामुळे.

लॉसलेस कॅटलॉग एकसारखा नसतो. एक गाणं ४४.१ किलोहर्ट्झचं, पुढचं ४८, त्यापुढचं ९६. आयफोनला बाहेरचा डॅक (डिजिटल गाण्याचा हेडफोनसाठी आवाज करणारी डबी) लावला की प्रत्येक गाण्याला रेट बदलतो. रेट बदलला की डॅकचं घड्याळ पुन्हा जुळेपर्यंत तो गप्प बसतो, काही डॅकमधून तर रिलेचा ‘टिक्’सुद्धा येतो. तेवढ्यात गाण्याचा सुरुवातीचा अर्धा सेकंद गिळला जातो. लांबलचक आलापाला काही फरक पडत नाही. पण भावगीताचा पहिला शब्द अर्धवट येणं, ठेक्याची पहिली ‘धा’च न येणं, आणि हे मिश्र यादीत दर दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला! ज्या बारकाव्यासाठी डॅक घेतला तोच दाराशी कापला जातो. अँड्रॉइडवर उलटी गंमत. तिथला मिक्सर सहसा सगळं एकाच रेटला, बहुधा ४८ ला, आणून सोडतो. सुरुवात कापली जात नाही, पण ४४.१ चं गाणं जसंच्या तसंही पोचत नाही. अँड्रॉइड १४ पासून बिट-परफेक्ट, म्हणजे गाणं जसंच्या तसं पोचवणाऱ्या, यूएसबीची सोय आहे, पण ॲपनं ती वापरली पाहिजे; वापरली की पुन्हा अर्ध्या सेकंदाची कुरकुर. मॅकवर तर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये जाऊन रेट हातानं बदलत बसा.

साध्या सेवेत ही भानगड जवळपास नसते. सगळं ४४.१ चं, गाणं संपलं की पुढचं लागतं. लॉसलेसच हवं असेल तर या बाबतीत स्पॉटिफायचं बरं: ते २४ बिट (प्रत्येक नमुना किती बारकाईनं मोजला ते) आणि ४४.१ किलोहर्ट्झवरच थांबतं, त्यामुळे रेट बदलायचा प्रश्नच येत नाही. पण भारतात ते सगळ्यात वरच्या प्लॅनमध्येच आहे आणि प्रत्येक उपकरणावर वेगळं चालू करावं लागतं. ॲपल म्युझिकवर लॉसलेसचे जादा पैसे नाहीत. तिथे ‘हाय-रेझ’ला, म्हणजे ४८ च्या वरच्या रेटला, हातच लावू नका, नुसतं ‘लॉसलेस’ ठेवा. मग कमाल ४८, आणि उड्या फक्त ४४.१ आणि ४८ मध्ये. हाय-रेझसाठी वेगळा डॅक लागतो, कारण ॲपलचं स्वतःचं हेडफोनचं डोंगल २४ बिट/४८ किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही. यूट्यूब म्युझिक वापरत असाल तर निर्णय आपोआप झाला, तिथे २५६ च्या पुढे काही नाही.

डेटाचं थोडक्यात: २५६ ला तासाला सुमारे ११५ एमबी, ३२० ला १४४. सीडीच्या दर्जाचं लॉसलेस ३०० ते ४५० आणि २४/१९२ असेल तर तासाला दोन ते तीन जीबी. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर हे शेवटचं विसराच.

जुनं नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. ७८ आरपीएमच्या तबकडीवर वरच्या पट्टीतलं फारसं काही नसतंच. लॉसलेसमध्ये तिची खरखर तेवढ्याच इमानदारीनं येते. खरखरीत कुठलाच नमुना सापडत नसल्यानं ती नीट दबत नाही आणि फाइल उगाच फुगते. कुणी नॉइज रिडक्शनचा मारा करून गायकाचा श्वाससुद्धा पुसला असेल तर लॉसलेस तो परत आणत नाही. अशा वेळी दर्जापेक्षा तबकडीवरून डिजिटलमध्ये उतरवलेलं हे ट्रान्सफर कुठल्या कंपनीचं आहे हे बघितलेलं बरं.

घरी बसून, वायर्ड हेडफोनवर, अख्खा अल्बम सलग ऐकणाऱ्याला लॉसलेस घेऊ नका असं मी म्हणणार नाही. एका अल्बममध्ये रेट सहसा बदलत नाही, त्यामुळे माझी तक्रार त्याला लागूही पडत नाही. बाकीच्यांनी, माझ्या मते, २५६ किंवा ३२० वर राहावं, ‘ऑटोमॅटिक’ बंद करावं, वायफायवर गाणी उतरवून ठेवावीत. उरलेल्या पैशांत आधी इअरफोनच्या रबरी टिप बदलून पाहाव्यात. टिप कानात नीट बसली नाही की खालचे सूर गळतात. डग्ग्याचा घुमारा नुसता ‘टप्’ असा कोरडा ऐकू येत असेल तर एक माप मोठी टिप लावा, कान वर ओढून आत बसवा आणि तेच गाणं पुन्हा लावा.